गॅलरीत होला बसलाय, काढू की राहू दे?

पत्र बेळगावच्या टिळकवाडीतून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नाही छापत. पत्र बरंच लांब आहे, थोडं कापून देतो:

"गॅलरीच्या ग्रिलला मनीप्लांटची कुंडी टांगलेली आहे. त्यात ऐन पावसात एका पाखरानं चार काड्या टाकल्या आणि दोन पांढरी अंडी घातली. आता पिल्लं बाहेर येऊन चार-पाच दिवस झालेत. घरात यावरून रोज वाद. मिस्टर म्हणतात हे कबूतर, यांच्यामुळं मुंबईत लोकांची फुफ्फुसं खराब झाली, कबुतरखाने बंद करायला लागले, काढून टाक. सासूबाई म्हणतात पारवा दारात घुमला की घर ओसाड पडतं. मुलगी सातवीत आहे, ती म्हणते हा होला, स्पॉटेड डव्ह, कुणी हात लावायचा नाही. मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर त्यानं पिजन सांगितलं. शेजारच्या आंटी 'बेळवा री, इरली बिडरी' (बेळवा हो, राहू दे, सोडा) म्हणून हसतात. गणपतीला तीन आठवडे राहिलेत, त्याआधी पेंटर यायचाय. पिल्लं तर कसली विचित्र, अंगावर पिवळे केस, चोच जाड, आईसारखी अजिबात नाहीत, कोकिळेची तर नसतील? आई त्यांना किडा-मुंगी काही आणत नाही, दिवसभर नुसती बसून असते, बाप तर कुठं दिसतच नाही. मी दुधात भिजवलेला भात ठेवला, कुणी शिवलं नाही. सासूबाईंना दमा आहे, त्याचंही टेन्शन. काय करू सांगा."

ताई, तुमच्या घरात वाद मिटत नाही याचं कारण असं की सगळे एकाच कुंडीकडे बोट दाखवून वेगवेगळ्या पाखरांबद्दल बोलतायत. मिस्टरांच्या डोक्यात बातम्यांतलं कबूतर आहे, सासूबाईंच्या डोक्यात पडक्या वाड्यातला पारवा आहे (तोही कबूतरच, पण ते पुढं सांगतो), आणि कुंडीत बसलंय ते तिसरंच. तुमची मुलगी बरोबर आहे. आंटीही बरोबर आहेत, कन्नडमध्ये होल्याला बेळवाच म्हणतात आणि कबुतराला पारिवाळ. म्हणजे सातवीतली पोरगी आणि शेजारीण पास झाल्या, मोबाइल नापास.

मोबाइलला नापास का केलं ते सांगतो. तुम्ही पाठवलेला फोटो आतून बाहेरच्या उजेडाकडे काढलाय, त्यामुळं पाखरू नुसतं काळपट करडं दिसतंय आणि अशा फोटोत रंगावर गेलात की फसलात. होला ओळखायचा तर रंग नंतर बघा, आधी मान बघा. तुमच्या दुसऱ्या फोटोत पाखरानं तोंड फिरवलंय आणि मानेची मागची बाजू दिसतेय, तिथं काळा पट्टा आणि त्यावर दाट पांढरे ठिपके, अगदी काळ्या चंद्रकळेवरची खडी. हे दिसलं की विषय संपला. आपल्या भागात दुसऱ्या कुठल्याही पाखराच्या मानेवर असं काम नाही. हा ठिपकेवाला होला, काहीजण कवडापण म्हणतात. पाठीवर आणि पंखांवरही फिकट तांबूस ठिपके असतात, पोट गुलाबीसर, शेपूट लांब, आणि उडताना शेपटीची टोकं पांढरी चमकतात. कबुतराला यातलं काही नाही. कबूतर पाटीच्या दगडासारखं निळं-करडं, गळ्यावर हिरवी-जांभळी चमक, पंखावर दोन काळ्या पट्ट्या, आणि वजनाला होल्याच्या दुप्पट तरी. दोघांना शेजारी शेजारी बघितलं की परत आयुष्यात घोटाळा होत नाही. रेल्वे स्टेशनच्या छपराखाली कबुतरं बघा आणि मग घरी येऊन कुंडीत बघा.

आता होलेही एकच प्रकारचे नसतात हं, हे मुलीला सांगा, तिला आवडेल. बेळगावातच सकाळी फिरायला गेलात तर दुसरा एक छोटा तपकिरी होला दिसेल, त्याला इंग्रजीत लाफिंग डव्ह म्हणतात कारण त्याचा आवाज दबकं हसल्यासारखा येतो. तो याच्याहून लहान, पाठीवर एकही ठिपका नाही, त्याचं नक्षीकाम मानेच्या मागं नसतं तर पुढं गळ्याशी, तांबूस रंगात बारीक काळे टिपके, आणि पंखाच्या कडेला निळसर करडा पट्टा. तोसुद्धा गॅलरीत, मीटरच्या बॉक्सवर, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या कोपऱ्यात बिनधास्त घरटं करतो, त्यामुळं कुणाच्या घरी "आमच्याकडंपण होला बसलाय" म्हणाले तर तो ठिपकेवालाच असेल असं समजू नका, मान बघा. तिसरा कंठी होला, फिकट मातकट रंगाचा, मानेमागं एक बारीक काळी अर्धी रिंग, बस. तो गावाबाहेर शेताच्या तारांवर. याच कंठी होल्यानं विसाव्या शतकात तुर्कस्तान-बाल्कनच्या बाजूनं सरकत सरकत सगळा युरोप पालथा घातला आणि १९५५ साली इंग्लंडात पहिल्यांदा पिल्लं काढली, कुणी नेलं नव्हतं, आपला आपण गेला. तुमच्या ठिपकेवाल्याला मात्र माणसांनी नेलं, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १८६०च्या दशकात सोडला तो तिथलाच होऊन बसला.

आपल्या जिल्ह्यात साधारण हिशोब असा की पाऊस जास्त, झाडी जास्त तिथं ठिपकेवाला जास्त, म्हणजे खानापूर, हिंडलगा, बेळगाव शहर ही बाजू. आणि जसजसं पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडं जाल, रान कोरडं होत जाईल, तसतसे छोटा तपकिरी आणि कंठी वाढत जातात. तिकडं शेतात लाल होलापण मिळतो, त्यातला नर विटकरी रंगाचा आणि डोकं करडं. आणि जांबोटीच्या किंवा चोर्ल्याच्या जंगलात गेलात तर पाचू होला, हिरवाकंच पाठीचा, रस्त्याच्या कडेला पाचोळ्यात दाणे टिपत असतो आणि गाडी आली की खाली खाली झुईकन निघून जातो. पण तो काही टिळकवाडीत यायचा नाही.

आवाजावरूनही ओळखता येतं आणि खरं तर गॅलरीत बसून तेच सोपं आहे. कबूतर घशातल्या घशात घूंऽ घूंऽ करत गोल गोल फिरतं. ठिपकेवाला होला लांबून, झाडावरून किंवा वायरवरून क्रुक-क्रूऽ क्रू-क्रू-क्रू असं मऊ, थोडं उदास वाटेल असं ओढतो, दुपारी सगळं शांत असलं की जास्तच ऐकू येतं. कंठी होला तीन ठोक्यात बोलतो आणि मधल्यावर जोर देतो, कु-कूऽऽ-कु. मुलीच्या मोबाइलमध्ये मर्लिन नावाचं फुकट ॲप टाकून द्या, कॉर्नेल विद्यापीठाचं आहे, आवाज ऐकून नाव सांगतं, फोटोपेक्षा तिथं तिला जास्त मजा येईल. तरी ॲपनं सांगितलं म्हणून गप्प बसायचं नाही, मान बघायचीच.

आता पिल्लांचं. हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग, कारण तुम्ही नीट बघितलंय, फक्त अर्थ वेगळा लावलाय.

कोकिळेची नाहीत. कोकिळा अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, होल्याच्या या चार काड्यांवर ती ढुंकून बघत नाही. होल्याची पिल्लं अशीच असतात, डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळे केस, चोच बुडाशी जाड आणि चेहऱ्याच्या मानानं मोठी. आठवडाभरात अंगावर काट्यासारखी पिसं फुटतील आणि मग ती पटापट होल्यासारखी दिसायला लागतील. पण मानेवरची ती खडी तेव्हाही येणार नाही, ती मोठं झाल्यावर. म्हणजे पंधरा दिवसांनी ग्रिलवर एक मातकट, बिनठिपक्यांचा होला बसलेला दिसला तर "हा कुठला नवीन" म्हणून परत घरात वाद घालू नका, ते तुमचंच पिल्लू.

आई किडे आणत नाही कारण होला किडे फारसे खातच नाही. दाणे खाणारं पाखरू आहे, गवताचं बी, तण, ज्वारी, तांदूळ, जमिनीवर पडलेलं टिपायचं. मग प्रश्न असा की चार दिवसांच्या पिल्लाला ज्वारी कशी पचणार? चिमण्या, बुलबुल स्वतः दाणे-फळं खात असल्या तरी पिल्लांना अळ्या-किडे भरवतात, कारण वाढायला प्रोटीन लागतं. होला आणि कबूतर या खानदानानं वेगळाच मार्ग काढलाय, ते स्वतःच दूध तयार करतात. खरंच. गळ्याखाली अन्न साठवायची पिशवी असते, तिला अन्नपुट म्हणतात, अंडी फुटायच्या सुमाराला तिच्या आतलं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशी सुटून दह्याच्या चोथ्यासारखा एक दाट पदार्थ तयार होतो, प्रोटीन आणि चरबीनं भरलेला. आई गळ्यातून तो वर काढते आणि पिल्लू आपली चोच तिच्या चोचीत खुपसून ओढून घेतं. म्हणूनच तुम्हाला ती पिल्लं इतर पाखरांसारखी आ वासून ओरडताना दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची चोच तशी जाड. पहिले तीन-चार दिवस नुसतं हे दूध, मग त्यात गळ्यात भिजलेले दाणे मिसळायला सुरुवात, मग दाणे वाढत जातात आणि दूध कमी होत जातं. तुमची पिल्लं आत्ता बरोबर त्या मधल्या टप्प्यावर आहेत.

आणि गंमत म्हणजे हे दूध बापपण तयार करतो. दोघंही, सारखंच. ज्या हार्मोनमुळं हे होतं ते प्रोलॅक्टिन, बाईच्या अंगावर दूध येतं तेही याच हार्मोनमुळं, आणि १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून ओळखलं तेव्हा परीक्षा घ्यायला वापरलं होतं कबुतराचं अन्नपुट, ते फुगतंय का बघायचे. मिस्टरांना हे जेवताना सांगा.

आता बाप दिसत नाही म्हणता. ताई, नर आणि मादी दिसायला सारखीच असतात, तुम्हाला-मला काय, नुसतं बघून पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण ड्यूटी ठरलेली असते. सकाळी उन्हं वर आली की नर येऊन बसतो आणि संध्याकाळी मादी येते ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. म्हणजे तुम्ही दिवसभर जिच्याकडं बघून "बिचारी" म्हणताय तो बहुतेक बाप आहे. घरटं बांधतानाही नर एकेक काडी आणून देतो आणि मादी बसल्या जागी लावून घेते. एक दिवस मुलीला सांगा सकाळी साधारण नऊ-दहाच्या सुमाराला लांबून लक्ष ठेव, बदली होताना दिसेल, एक उतरतो एक चढतो, अगदी काही सेकंदात.

दुधातला भात लगेच काढून टाका. पाखरांना गाईचं-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि भात राहिला तर मुंग्या येतील आणि मुंग्या पिल्लांना जिवंत सोडत नाहीत. ड्रॉपरनं पाणी तर मुळीच पाजायचं नाही, सरळ श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू मरतं. त्यांना लागणारं सगळं पाणी आई-बापाच्या गळ्यातून येतं. आई-बापासाठी मात्र गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, उथळ, दोन बोटं खोल. आणि ते पाणी पितानाही बघा, कोंबडी कशी घोट घेऊन मान वर करते, होला तसं करत नाही, चोच बुडवून सरळ ओढतो. दाणे ठेवू नका. हे मी मुद्दाम सांगतो कारण लोकांना दाणे टाकायची भारी हौस असते आणि मग होल्याच्या निमित्तानं कबुतरं येतात, चार आली की चाळीस येतात, आणि मग मिस्टरांचं भाकीत खरं ठरतं आणि दोष त्या बिचाऱ्या होल्याला.

मिस्टरांच्या काळजीत तथ्य आहे, ती उडवून लावू नका. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, ते सगळं उगाच नव्हतं. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही लोकांच्या फुफ्फुसांना सूज येते, आणि तशीच राहिली तर फुफ्फुसं घट्ट होत जातात, ते परत सुधारत नाही. पण तिथं शेकडो कबुतरं, रोज पोत्यानं दाणे, एकाच जागी, कायमचं. तुमच्याकडं दोन होले आणि दोन पिल्लं, महिन्याभराचा मामला, उघडी गॅलरी. दोन्ही एका तराजूत घालण्यासारखं नाही. तरी सासूबाईंना दमा आहे म्हणून काळजी घ्यायची ती घेऊया. पिल्लं उडेपर्यंत त्यांनी त्या गॅलरीत बसायचं नाही, गॅलरीकडं उघडणारी त्यांच्या खोलीची खिडकी असेल तर बंद ठेवा. खाली पडलेली घाण कोरडी झाडायची नाही, झाडूनं उडते तीच धूळ त्रास देते. पाणी मारून, भिजवून, ओल्या फडक्यानं किंवा कागदानं उचला, मास्क लावून, आणि हे काम मिस्टरांना द्या, त्यांनाच जास्त काळजी आहे ना. सासूबाईंना खोकला, धाप वाढल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना दाखवताना घरात पक्ष्याचं घरटं आहे हे आवर्जून सांगा, ते डॉक्टर विचारतीलच असं नाही.

सासूबाईंचं ऐकूनही घ्या, कारण ते त्यांनी मनानं काढलेलं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १६५वं सूक्त कपोतावरच (कपोत म्हणजे कबूतर) आहे, घरात शिरलेला कपोत म्हणजे निर्ऋतीचा, विनाशाच्या देवतेचा दूत, मृत्यूचा निरोप्या, अशी भीती त्यात आहे. पण पुढचंही वाचायला पाहिजे की. त्याच सूक्तात देवांना विनवणी आहे की हा आलेला कपोत आमच्या घरात शुभ होऊ दे, निरुपद्रवी होऊ दे. आणि बाहेर घालवायचा तर ऋचेनं घालवा म्हटलंय, झाडूनं नाही. मग शिबी राजाची गोष्ट आहेच, ससाण्याला घाबरून मांडीवर आलेल्या कपोतासाठी स्वतःच्या अंगाचं मांस तोलून दिलं त्यानं. सासूबाईंना ती गोष्ट माहीत असणारच, त्यांनाच मुलीला सांगायला लावा.

आणि पारवा घुमला की घर ओसाड, यात मला वाटतं लोकांनी कारण आणि परिणाम उलटे लावले. पारवा म्हणजे कबूतर मुळात कड्याकपारीतलं पाखरू, गोकाकच्या धबधब्याला असतात तसे खडकाचे उभे कडे, विहिरींची भिंत, किल्ल्याचे कोनाडे, ही त्याची जागा. माणसं निघून गेलेला वाडा त्याच्या दृष्टीनं एक चांगला कडाच, हुसकायला कुणी नाही. घर आधी ओसाड पडतं, मग पारवे येतात. बघणारा वर्षांनी गावाकडं जातो, पारवे घुमताना ऐकतो आणि पारव्यालाच धरतो. होला झाडाझुडपातला, तो तर माणसांच्या राबत्या घराजवळ हौसेनं येतो, कारण कावळा, शिक्रा, भारद्वाज हे अंडी-पिल्लं पळवणारे तिथं जरा बिचकून असतात. भांडी घासल्याचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, कपडे वाळत घालणं, हे सगळं बघून त्यानं तुमची कुंडी निवडलीय.

काढून टाकायचं म्हणाल तर पिल्लं असताना मुळीच नाही. एक तर मरतील. दुसरं, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं येतं, आणि होला हा रानपक्षीच, भले तो तुमच्या गॅलरीत राहतोय. पिंजऱ्यात घालून पाळायचंही चालत नाही, हे मुलीला सांगून ठेवा, तिच्या मैत्रिणी मागतील. कुंडी दुसऱ्या गॅलरीत हलवू का असंही बरेच जण विचारतात. नको. होल्याला जागा लक्षात असते, चार हात जरी सरकवली तरी तो जुन्या जागी येऊन गोंधळून बसतो. मनीप्लांटला पाणी घालायचं राहिलं तर राहू दे, आपल्या पावसात पंधरा दिवसांत मनीप्लांट मरत नाही.

घरट्यातून पिल्लू खाली पडलं तर? हे होऊ शकतं, कारण होल्याचं घरटं म्हणजे घरटं म्हणायलाही लाज वाटावी असं, खालून बघितलं तर काड्यांमधून अंडी दिसतात. चार दिवसांत बांधायचं, वादळात गेलं तर पुन्हा बांधायचं, त्यांचा धंदा कमी खर्चाचा, वर्षभर चालणारा, त्यात ऋतूचंही फारसं बंधन नाही. तर पिल्लू पडलं आणि अजून पिसं आली नसतील, तर हात धुऊन अलगद उचला आणि परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत आहे, होला वासावरून पिल्लू टाकत नाही. वारंवार डोकावल्यानं मात्र टाकतात, विशेषतः अंड्यांच्या वेळी, म्हणून मुलीला फोटो काढायला तासातासाला सोडू नका. आणि पिसं आलेलं, उभं राहणारं पिल्लू खाली दिसलं तर ते पडलेलं नाही, ते उडायला निघालंय, मांजर असेल तर तेवढं मांजर हाकला आणि त्याला कुंड्यांच्या आडोशाला राहू द्या, आई-बाप खाली येऊन भरवतात. आवाजानं दचकून मोठ्या होल्याची बरीच पिसं एकदम गळून पडली तर घाबरू नका, शिकाऱ्याच्या तोंडात पिसं ठेवून निसटायची त्यांची ती सवय आहे.

आता पेंटर. अंडी उबायला साधारण चौदा दिवस गेले ते झालेच. पिल्लं घरटं सोडतात साधारण दोन आठवड्यांची झाली की. तुमची चार-पाच दिवसांची आहेत, म्हणजे अजून दहा दिवस धरा, एखादा दिवस इकडंतिकडं. गणपतीला तीन आठवडे आहेत. हिशोब बसतोय की. पेंटरला आजच फोन करून सांगा की हॉल, आतल्या खोल्या, स्वयंपाकघर आधी घ्यायचं आणि गॅलरी अगदी शेवटी. फक्त आतलं पेंटिंग चालू असताना गॅलरीचं दार लावून घ्या, ऑइलपेंटचा आणि थिनरचा वास तिकडं जाऊ देऊ नका, आणि घासकामाची धूळ तर सासूबाईंसाठीसुद्धा नको.

पिल्लं उडाल्यावर दोन-तीन दिवस ती ग्रिलवर, समोरच्या झाडावर रेंगाळतील, तोपर्यंत थांबा. मग घरटं पाण्यानं पूर्ण भिजवून, मास्क लावून, कागदात गुंडाळून टाकून द्या आणि कुंडी घरात घ्या. हे उशिरा करू नका, होले तीच जागा परत वापरतात आणि जुन्याच काड्यांवर लगेच दुसरी दोन अंडी घालून मोकळे होतात, मग पेंटर ब्रश घेऊन दारात उभा आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहिणार. रंग वाळला की कुंडी परत तिथंच टांगायची का, ते मात्र तुमच्या घरात चौघांनी बसून ठरवा. सासूबाईंचा त्रास वाढलेला दिसला तर टांगू नका, आणि वाढला नसेल तर माझं मत मुलीच्या बाजूनं धरा.